पहिल्या रांगेतला ढोलवाला

एक

कपाटाचं कुलूप जागच्या जागी होतं, काचेला साधा ओरखडाही नव्हता, आणि भोसल्यांची सगळी फौज जशीच्या तशी उभी होती. घोडेस्वार, अरब शिपाई, तोफा ओढणारे बैल, निशाणाचा हत्ती. फक्त पहिल्या रांगेच्या मधोमध एक लाकडी चकती रिकामी होती. तिच्यावर चिकटवलेल्या हिरव्या भुशात दोन पावलांची जागा तेवढी उघडी पडली होती.

“ढोलवाला नाही,” केशवदादा म्हणाला आणि जवळच्या स्टुलावर मटकन बसला.

प्रमोदिनी मोहरीलने आपल्या थोरल्या भावाकडे पाहिलं. पंचाहत्तरी गाठलेला हा माणूस सुभद्रावहिनी गेली तेव्हाही चारचौघांत रडला नव्हता. आता त्याची हनुवटी थरथरत होती. हात तर गेली काही वर्षं थरथरतच होते. त्या कंपामुळेच त्याने ब्रश खाली ठेवला होता.

ही गौरांगच्या लक्ष्मीनगरातल्या घराची वरची खोली. मधोमध टेबल-टेनिसची दोन टेबलं जोडून केलेलं मैदान, आणि त्यावर थर्माकोल कोरून, माती लिंपून उभ्या केलेल्या सीताबर्डीच्या दोन टेकड्या. दर रविवारी इथे अठराशे सतरा सालची लढाई पुन्हा व्हायची. एका बाजूला भोसले, दुसऱ्या बाजूला इंग्रज. फूटपट्टीने चाल मोजायची, फासे टाकून गोळी लागली की नाही ते ठरवायचं. शिपाई शिशाचे, जेमतेम इंचभर उंचीचे, परदेशातून कोरे मागवलेले. त्यांच्यावर रंग मात्र नागपुरात चढायचा, आणि भोसल्यांच्या फौजेतला एकूण एक माणूस केशवदादाने रंगवला होता. रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसातून घरी आला की तो भिंग लावून बसे. त्या एवढ्याशा शिपायांच्या मिशांना पीळ होता, पागोट्यांना चुण्या होत्या, डोळ्यांत बुबुळं होती.

ढोलवाला सोडून. त्याचा एक डोळा कपाळाकडे चढलेला, दुसरा गालावर उतरलेला, तोंड कानापर्यंत फाटलेलं, पागोटं लालभडक आणि नको तितकं चकचकीत. “हा माझा पहिला प्रयत्न,” असं म्हणून दादा त्याला हट्टाने पहिल्या रांगेत उभा करायचा. लोक हसायचे. दादाही हसायचा.

“चोरानं हत्ती सोडला, घोडेस्वार सोडले,” प्रमोदिनी म्हणाली, “अन् नेमका हाच काहून नेला?”

तिची सगळी नोकरी विमा कंपनीत दावे तपासण्यात गेली होती. काय गेलं यापेक्षा काय राहिलं ते आधी बघायचं, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. तिने ती चकती उचलून उजेडात धरली. भुसा कुठेही उडालेला नव्हता. पातळ पातं पायांखालून हळूच सरकवून शिपाई अलगद सोडवला होता.

“पमे, रविवारच्या आत त्याले शोध,” दादा म्हणाला. “नाही मिळाला तर मले बोलावू नका.”

“अरे, रविवारी तुझाच सत्कार आहे. पुण्याचे, हैदराबादचे लोक तुझी फौज पाहायला येऊन राहिले.”

“तो नसेल तर मी पण नाही,” दादा म्हणाला, आणि कोणाचाही हात न धरता जिना उतरून गेला.

दोन

“आत्या, मी सांगतो, हे विहंगचंच काम आहे,” गौरांग म्हणाला.

गौरांग चाळिशीचा, मिहानमधल्या एका कंपनीत अधिकारी. घर त्याचं, टेबल त्याचं, चहा-नाश्त्याचा खर्च त्याचा. ब्रश मात्र त्याने जन्मात हातात धरला नव्हता. त्याला फक्त खेळायचं असे, आणि इंग्रजांना हरवायचं असे. केशवदादाचा जुना शिष्य विहंग काय, बाकीचे शिष्य आणि चाहते काय, सगळेच प्रमोदिनीला आत्या म्हणत, तसा तोही म्हणे.

“कशावरून?”

“बुधवारी इथंच उभा राहून म्हणाला, ‘तो ढोलवाला रविवारी तिथं नको, लोक हसतील.’ आता तो मोठा माणूस झाला ना! जर्मनीचे, ऑस्ट्रेलियाचे लोक त्याच्याकडून शिपाई रंगवून घेतात. काकांचं कौतुक होऊन राहिलं तर त्याले पाहवून नाही राहिलं.”

“अन् काल इथं कोण कोण आलं होतं?”

“विहंग अन् अपेक्षा, दोघंच. टेकडीवर झाडं लावत होते. चाबी तर खिळ्यालाच टांगलेली असते. मी खाली चहा टाकायला गेलो होतो.” गौरांग जरा घुटमळला. “मी आमच्या ग्रुपवर टाकलं आत्या, सकाळीच. विहंगनं शिपाई चोरला, रविवारी त्यानं येऊ नये, असं.”

“चौकशीच्या आधीच?”

“मले राग आला.”

“त्या ग्रुपवर त्याची गिऱ्हाइकं पण आहेत ना रे? परदेशातले लोक विश्वासानं आपल्या फौजा त्याच्याकडे पाठवतात. उद्या कोण पाठवेल?”

प्रमोदिनीने चकती रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि स्कूटर बाहेर काढली.

तीन

अपेक्षा प्रतापनगरात भाड्याच्या खोलीत राहायची. नरखेडकडची मुलगी, घरी संत्र्याची बाग. नागपुरात ती स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला आली आणि एका मैत्रिणीबरोबर सहज गौरांगकडे गेली. तिथे दादाने तिच्या हातात ब्रश दिला. तिचा हात पाहून तो त्या दिवशी घरी आल्यावर नीट जेवलाही नव्हता. “पमे, ही पोरगी माझ्यापेक्षा पुढं जाईल,” एवढंच परत परत म्हणत होता.

स्कूटरवरून जाताना प्रमोदिनीला महालातलं अंगण आठवलं. दिवाळीचा किल्ला करायचा तर चिखल मळायचं काम तिचं, बुरूज दादाचे. कुंभाराकडून मावळे आणले की सगळी पोरं ते तसेच किल्ल्यावर ठेवून मोकळी व्हायची. दादा मात्र आगकाडीला कापूस गुंडाळून एकेकाला भुवया काढत बसायचा. आई फराळाला हाका मारून थकायची. “थांब नं, याले अजून दिसत नाही,” तो ओरडून सांगायचा. डोळे काढल्याशिवाय मावळ्याला दिसणार कसं, असं त्याला खरंच वाटे.

अपेक्षाने दार उघडलं. खोलीत संत्र्यांचा आणि डेटॉलचा वास मिसळला होता. कोपऱ्यात घरून आलेली संत्र्यांची पेटी होती. टेबलावर ब्रश आणि रंगांच्या डब्या नीट मांडलेल्या. खिडकीत एक तुटक्या केसांचा टूथब्रश आणि कोऱ्या चहाच्या रंगाचं काहीतरी भरलेली लोणच्याची बरणी. अपेक्षाच्या डाव्या बोटाला पट्टी होती.

“काय झालं बोटाले?”

“काही नाही जी आत्या, कटर लागलं. डेटॉलनं धुतलं.”

या छंदात सगळ्यांचीच बोटं कापलेली असतात. दादाच्या बोटांवर अजून त्या खुणा होत्या. प्रमोदिनी खुर्चीत बसली. अपेक्षाने न विचारता संत्रं सोलून तिच्यापुढे ठेवलं.

“ढोलवाला गेला, माहीत आहे ना?”

“हाव. ग्रुपवर वाचलं.” तिचा आवाज बारीक झाला. “विहंगदादानं नाही नेला जी. त्याले काहून बदनाम करून राहिले सगळे?”

“मग कोणी नेला?”

“सरांची वस्तू कोण चोरंल, आत्या? रविवारपर्यंत मिळते पाहा तो.”

“सर सकाळपासून जेवले नाहीत.”

अपेक्षा चमकली. “त्या ढोलवाल्यासाठी? पण तो तर… सरांच्या बाकीच्या कामापुढं तो काहीच नाही. लोक हसतात त्याले. परवा गौरांगदादा म्हणे, क्यामेरेवाले येतील तर त्याले मागं लपवून ठेवू. मले लय वाईट वाटलं. सरांचे हात चालत असते तर त्यांनी केव्हाच सुधरवला असता.”

“असेल,” प्रमोदिनी म्हणाली. संत्रं गोड होतं. ती निघाली तेव्हा मुलगी दारातच उभी होती. काहीतरी सांगावं की नाही, असा चेहरा करून.

चार

विहंगची धरमपेठेतली खोली एखाद्या दवाखान्यासारखी स्वच्छ होती. टेबलावर परदेशी जाणारं खोकं अर्धवट भरून तसंच पडलं होतं.

“जर्मनीच्या माणसाचा मेसेज आला,” तो म्हणाला. “त्याची फौज परत मागून राहिला, न रंगवताच. तुम्ही पण मलेच विचारायला आल्या ना, आत्या?”

“मी विचारायला आले की बुधवारी तू काय म्हणाला.”

“तो ढोलवाला रविवारी तिथं नको, लोक हसतील. असंच म्हणालो.”

“दादाच्या कामाले हसतील म्हणून?”

विहंगने खुर्ची फिरवली आणि खिडकीकडे तोंड केलं. मग म्हणाला, “तो काकांनी रंगवलाच नाही, आत्या.”

प्रमोदिनीने हातातली पर्स मांडीवर ठेवली.

“मी शाळेत असताना रविवारी काकांकडे शिकायला जायचो. तुमची बदली तेव्हा अकोल्याला होती. काकू सांबारवड्या तळायच्या अन् काकांना बोलायच्या, ‘दिवसभर त्या शिपायांचे डोळे काढत बसता, माझ्याकडं पाहाले फुरसत नाही तुमाले.’ एकदा काका म्हणाले, तूच काढून पाहा एक. काकूंनी खरंच घेतला. पागोट्याला लाल रंग सापडला नाही तर कपाटातून नेलपॉलिश आणलं. कोण्या लग्नासाठी घेतलेलं, नखाला कधी लावलंच नव्हतं. तो ढोलवाला पाहून काका इतके हसले, इतके हसले की काकू रुसल्या. म्हणाल्या, ‘मी रंगवला म्हणून कोणाले सांगाल तर खबरदार.’ मलेही शपथ घातली.”

“म्हणून दादा म्हणायचा, माझा पहिला प्रयत्न.”

“हो. लोक काकांना हसायचे, ते चालायचं त्यांना. पण रविवारी क्यामेरे येणार, अनोळखी लोक येणार. काकूंच्या हाताला कोणी हसलेलं मले नाही चाललं असतं. म्हणून म्हटलं, तो तिथं नको. हे गौरांगला कसं सांगू?”

बाहेर कोणीतरी रद्दीवाला ओरडत गेला. प्रमोदिनीला सावनेरहून आलेली, मोठ्याने हसणारी वहिनी आठवली. आपल्याला नेलपॉलिशची हौस आहे, याचा तिने नणंदेला कधी पत्ता लागू दिला नव्हता.

तिने पर्समधून चकती काढून टेबलावर ठेवली. “हे पाहा. ज्यानं नेला त्यानं ही मागं ठेवली. राग काढायचा असता तर चकतीसकट उचलून फेकला असता. विकायचा असता तर पण चकतीसकट. पायाखालून पातं फिरवून सोडवत कोण बसेल? ज्याले तो परत आणून इथंच बसवायचा आहे, तोच. म्हणजे हात रंगवणाऱ्याचा आहे, गौरांगचा नाही. अन् मधल्या वेळात त्या शिपायाचं काहीतरी करायचं आहे.”

“नवीन रंग द्यायचा,” विहंग सावकाश म्हणाला.

“जुना रंग काढायले तुम्ही लोक काय वापरता?”

“माझ्याकडं आता मशीन आहे. पण काका शिकवायचे ते साधं. डेटॉल. पाणी न घालता. एक दिवस बुडवून ठेवायचं, मग जुन्या टूथब्रशनं घासायचं. जुना रंग सालीसारखा निघतो.”

प्रमोदिनी उठून उभी राहिली. जखमेसाठी डेटॉल पाण्यात घालतात, तेव्हा पाणी दुधासारखं पांढरं होतं. अपेक्षाच्या लोणच्याच्या बरणीतलं ते कोऱ्या चहासारखं होतं, म्हणजे पाणी न घातलेलं.

“विहंग, गाडी काढ,” ती म्हणाली. “माझ्या स्कूटरनं उशीर होईल.”

पाच

अपेक्षा बेसिनपाशी उभी होती. नळ बंद होता. एका हातात टूथब्रश होता, दुसऱ्या हाताच्या चिमटीत ढोलवाला.

“थांब!” विहंग दारातूनच ओरडला.

टूथब्रश तिच्या हातातून पडला. “मी चोरला नाही,” ती म्हणाली आणि रडू लागली. “आत्या, मी उद्या नेऊन ठेवणार होती. सरांच्या सत्काराले माझ्याकडून काहीतरी पाहिजे म्हणून. मले वाटलं, तो त्यांचा पहिला आहे, त्यांचे हात चालत नाहीत, आपण सुधरवून द्यावा. विहंगदादाचं नाव आलं तर मले सांगाचं होतं, पण भेव लागलं. तुम्ही गेल्यावर वाटलं, लवकर रंगवून टाकावा, म्हणजे सगळंच मिटंल.”

प्रमोदिनीने तिच्या हातातून शिपाई घेतला. अंगरखा गेला होता. चेहरा गेला होता. कपाळाकडे चढलेला तो डोळा, कानापर्यंत गेलेलं तोंड, काहीच उरलं नव्हतं. खालचं शिसं राखाडी चमकत होतं. पागोटं मात्र लाल होतं.

“हा लाल निघूनच नाही राहिला,” अपेक्षा हुंदके देत म्हणाली. “कोणता रंग आहे तर माहीत नाही.”

कोणता रंग आहे ते विहंगने तिला सांगितलं. सांगताना तो तिच्याकडे बघू शकत नव्हता. ऐकता ऐकता ती मुलगी भिंतीला टेकून खाली बसली. तिने तोंडावर ओढणी धरली आणि बराच वेळ ती काढलीच नाही.

प्रमोदिनीने उभ्या आयुष्यात पुष्कळ खोटे दावे पकडले होते आणि दर वेळी मनाला एक समाधान वाटायचं. आज तसं काही वाटलं नाही.

“चल वं,” ती अपेक्षाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली. “त्याच्यासमोर जाऊ. मी आहे.”

सहा

केशवदादाने ढोलवाला तळहातावर घेतला. हात थरथरत होता, तसा तो शिपाईही थरथरत होता. अपेक्षा समोर उभी राहून एका दमात सगळं बोलली, काहीही न लपवता. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, तरी कोणी हललं नाही.

“सुभद्रा असती ना,” शेवटी दादा म्हणाला, “तर म्हणाली असती, बरं झालं, लय भद्दा दिसत होता मेला.”

तो हसला. मग चष्मा काढून त्याने डोळे पुसले, आणि पुसतच राहिला.

“सर, मी तसाच्या तसा रंगवून देते,” अपेक्षा म्हणाली.

“माझ्याकडं जवळून काढलेले फोटो आहेत, काका,” विहंग म्हणाला. “डोळा कुठं होता, तोंड किती होतं, सगळं मोजून…”

“तुमच्यानं नाही होणार,” दादा म्हणाला. “तुमचे हात चांगले आहेत. तुम्ही वाकडा डोळा काढाल तर तो पण नीट वाकडा निघेल.”

त्याने उजवा हात समोर धरला. बोटं आपल्या मर्जीने हलत होती. इतके दिवस तो त्या हाताकडे दुसऱ्याचं पोर दंगा करत असावं तसा बघायचा. आज तो जरा निराळं बघत होता.

“हा चालेल,” तो म्हणाला. “पमे, माझी रंगांची पेटी काढ.”

शनिवारी सकाळी चौघं त्याच्या खोलीत बसली होती. गौरांगही आला होता. आल्या आल्या त्याने विहंगचे पाय धरायचेच बाकी ठेवले होते, आणि ग्रुपवर सगळ्यांदेखत माफीही मागितली होती. विहंगने ती मान्य केली, पण त्याच्याशी तो अजून नीट बोलत नव्हता. जर्मनीचा माणूस काय म्हणतो ते कळायचं होतं.

अपेक्षाने रंग पातळ करून दिला. दादाने ब्रश बुडवला. टोक शिपायाच्या चेहऱ्याकडे निघालं, मध्येच भरकटलं, आणि काळा ठिपका कपाळाच्या वर जाऊन बसला. दादाने भिंगातून पाहिलं.

“अरे! बरोब्बर!” तो लहान पोरासारखा ओरडला.

दुसरा डोळा गालावर उतरला. तोंड काढायला निघाला आणि ते थेट कानाला जाऊन भिडलं. त्यावर दादा इतका हसला की ब्रश बाजूला ठेवावा लागला. विहंगने प्रमोदिनीला हळूच सांगितलं, “त्या दिवशी अगदी असेच हसले होते.” दुपारपर्यंत अंगरखा झाला. ढोलाची निळी किनार हलून हलून दुप्पट जाड झाली. पागोट्याला दादाने हात लावला नाही.

रविवारी गौरांगची खोली भरून गेली. पुण्याचे लोक टेकड्यांचे फोटो काढत होते, हैदराबादचा एक तरुण भिंग घेऊन अरबांच्या दाढ्या न्याहाळत होता. ढोलवाला पहिल्या रांगेत आपल्या चकतीवर उभा होता. भिंग सरकत सरकत त्याच्यापाशी आलं आणि थांबलं.

“सर,” त्या तरुणाने संकोचत विचारलं, “हा एकच असा का?”

गौरांगने फासे मुठीत घट्ट धरले. अपेक्षा जमिनीकडे बघू लागली.

“हा माझ्या बायकोनं रंगवला होता,” केशवदादा म्हणाला. “परवा जरा खराब झाला, तर मी दुरुस्त केला. तिनं कोणाले सांगू नका म्हटलं होतं. पण आता सांगतोच.”

त्याने खुर्ची ओढली आणि बसला. प्रमोदिनीनेही दुसरी खुर्ची ओढून त्याच्याजवळ घेतली. वहिनीच्या या गोष्टी तिनेसुद्धा ऐकल्या नव्हत्या.